'गाभ्रीचा पाऊस' : इच्छास्वातंत्र्याचा एक पेच

मनुष्य स्वतंत्र की नियतीच्या अधीन, हा प्रश्न तत्त्वचिंतक बहुधा कर्त्याच्या बाजूने विचारतात. निवड करताना आपणांस कोणता प्रत्यय येतो, याभोवतीच ती चर्चा फिरते. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटात तोच प्रश्न कर्त्याकडे भीतीने पाहणाऱ्या माणसाच्या बाजूने उभा राहतो. त्याचे महत्त्व मला यात वाटते.

कथानक विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या खेड्यात घडते. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि अलकेच्या मनात आपला नवरा किसना याजविषयी शंका शिरते. सहा वर्षांच्या मुलाला व सासूला ती त्याच्या पाळतीवर ठेवते. तेथून किसनाची प्रत्येक साधी हालचाल संशयास्पद ठरते. तो चिडतो, राबतो, थट्टाही करतो. परंतु आपण मरणार नाही हे त्याने कसे सिद्ध करावे? आजचा दिवस जगला, हा पुरावा आजपुरताच. दुसऱ्याची इच्छा स्वतंत्र आहे असे मनापासून मानणे म्हणजे त्याच्याविषयी कधीच निश्चिंत न होणे, हे सोनाली कुलकर्णी यांची अलका शब्दांवाचून सांगते.

आत्महत्या हाच एकमेव खरा गंभीर तात्त्विक प्रश्न, असे आल्बेर काम्यूने १९४२ साली लिहिले. पण त्याचा विचार करणारा माणूस एकटा आहे. येथे तो प्रश्न अख्ख्या घराला पडला आहे, आणि ज्याच्याविषयी तो पडला त्यालाच कोणी विचारीत नाही. शांतारामांच्या 'माणूस' (१९३९) मधील मैना गणपत शिपायाने देऊ केलेली सुटका स्वतः नाकारते. तिच्या नकारात तिचे स्वातंत्र्य स्पष्ट दिसते. किसनाच्या वाट्याला असा स्वच्छ नकारही येत नाही.

शीर्षकही विचारात घेण्याजोगे आहे. 'गाभ्रीचा' ही शिवी. निसर्गनियमाला कोणी शिवी देत नाही. जो वेगळे वागू शकला असता त्यालाच ती दिली जाते. म्हणजे शेतकऱ्याने पावसाला इच्छा बहाल केली, आणि स्वतःच्या हाती मात्र पुन्हा पेरणे एवढेच उरले!

वसमतच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावयास नको. या तालुक्यातील काही गावांना पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांचे पाणी मिळते. तेथे हळद लावावी की ऊस, हा निवडीचा विषय होऊ शकतो. कालवा जेथे पोचत नाही तेथील कोरडवाहू शेतकरी मृगापासून आभाळाकडे पाहत बसतो. दोघांचे मन सारखेच स्वतंत्र आहे, असे पुस्तकी तत्त्वज्ञान म्हणेल. मला ते पटत नाही. इच्छेला पर्याय लागतात आणि पर्यायांना, निदान आपल्याकडे, पाणी लागते.

तथापि एक आक्षेप नोंदविला पाहिजे. पाळतीच्या प्रसंगांतील विनोद प्रारंभी भीतीला धार देतो. पुढे त्याची पुनरावृत्ती होते आणि प्रेक्षक हसण्याला सरावतो. शिवाय सारा चित्रपट अलकेच्या डोळ्यांनी पाहिला जात असल्याने, किसना एकटा असताना काय विचार करतो हे आपणांस फारसे कळत नाही. हा दोष म्हणावा की दिग्दर्शकाचा हेतू, याविषयी मी अद्याप साशंक आहे. मात्र चित्रपट पाहून परतताना मलाही किसनाला एकटे सोडवेना.