'पहिला' या शब्दाचे ओझे

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील टिमारू शहरात विमानतळाला रिचर्ड पिअर्स या शेतकऱ्याचे नाव आहे. तिथल्या साउथ कँटरबरी संग्रहालयाने त्याच्या विमानाची प्रतिकृती जपली आहे. जवळच्याच वाइटोही भागात १८७७ साली जन्मलेल्या पिअर्सने ३१ मार्च १९०३ रोजी, म्हणजे राइट बंधूंच्या साडेआठ महिने आधी, उड्डाण केले, अशी त्या परिसरात श्रद्धा आहे. प्रतिकृतीची अडचण इथेच सुरू होते. धडधाकट, पूर्ण आकाराचे विमान समोर दिसले की ते उडालेच असणार, असे पाहणाऱ्याला वाटते.

त्या तारखेचा आधार मात्र आठवणींचा आहे. पिअर्स १९५३ साली वारला. त्यानंतर शोध सुरू झाला तेव्हा वृद्ध शेजाऱ्यांनी अर्धशतकापूर्वीचे पाहिलेले सांगितले: यंत्र जमिनीवरून उचलले गेले आणि काटेरी कुंपणात जाऊन अडकले. ही माणसे खोटे बोलत होती, असे मी म्हणणार नाही. पण आठवणीत प्रसंग टिकतो, साल टिकत नाही. शिवाय सर्वांत मोठा साक्षीदार खुद्द पिअर्स आहे. १९१५ आणि १९२८ साली त्याने वृत्तपत्रांना पत्रे लिहिली. पहिल्या यशस्वी उड्डाणाचा मान त्याने राइट बंधूंना दिला आणि आपल्या प्रयोगांची सुरुवात १९०४ची सांगितली.

मग त्याच्या वाट्याला काय उरते? माझ्या मते, पुष्कळ. १९०६च्या त्याच्या पेटंट-अर्जात एकपंखी विमान आहे, तीन चाके आहेत, तोल सांभाळण्यासाठी पंखांवर हलत्या पट्ट्या आहेत. बांबू, नळ्या, तारा आणि कापड यांच्या जुळणीला त्याने स्वतः घडवलेले इंजिन जोडले होते. हाताशी कारखाना नव्हता, विद्यापीठ नव्हते. 'पहिला कोण' या वादात नेमके हेच झाकले जाते.

मराठीत विमानविद्येचा इतिहास शोधताना मला पावलोपावली शिवकर बापूजी तळपदे भेटतात. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर विमान उडवले, असे लेखामागून लेखात छापले जाते. 'केसरी'चा दाखला दिला जातो, पण अंकाची तारीख बहुधा नसते. पिअर्सची निदान पत्रे आणि पेटंट हाती आहेत. तळपद्यांच्या बाबतीत आपण अभिमान आधी उभा केला आणि कागद शोधायचे राहून गेले. त्यामुळे त्यांनी खरोखर काय वाचले, काय बनवले, हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

प्रादेशिक संग्रहालयाने आपल्या माणसाचा गौरव जरूर करावा. पण त्याच्या यंत्राशेजारी त्याचे स्वतःचे म्हणणेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लावावे. पिअर्स प्रामाणिक होता. त्याच्या चाहत्यांनी त्याच्याहून मोठा दावा करणे हा त्याचा सन्मान नव्हे.