दृष्टान्ताची मर्यादा : विवरनिर्मितीचा वर्गप्रयोग

परातीत मैदा पसरून त्यावर हळदीचा पातळ थर द्यावा आणि दोन मीटर उंचीवरून काचेची गोटी सोडावी. उल्काघाताने विवर कसे निर्माण होते हे दाखविण्याची ही रीत अध्यापनात सुपरिचित आहे. प्रयोग हेही एक प्रकारचे विधान असते, आणि प्रस्तुत विधान दृष्टान्तरूप आहे. त्यातील साम्य कोठवर टिकते, हे तपासणे अगत्याचे होय.

साम्य अल्प नाही. विवराची उंचावलेली कड दिसते, बाहेर फेकलेल्या द्रव्याचे किरणाकार पट्टे उमटतात आणि तळाचा पांढरा मैदा हळदीवर येऊन पडतो. ॲरिझोनातील सुप्रसिद्ध विवराच्या कडेवर खडकांच्या थरांचा क्रम असाच उलटलेला आढळतो. एवढ्यापुरता दृष्टान्त यथार्थ आहे.

वैधर्म्य आहे ते वेगात. ह्या गोटीचा वेग सेकंदास सुमारे ६ मीटर; विवर पाडणारा मोठा अवकाशपाषाण मात्र सामान्यतः सेकंदास ११ किलोमीटर वा त्याहून अधिक वेगाने येतो. समान वस्तुमानामागे ही ऊर्जा तीस लाख पटींहून अधिक भरते. हा भेद केवळ परिमाणाचा राहत नाही, तो प्रकाराचा होतो. मैद्यात गोटी शाबूत राहते. प्रत्यक्षात आघातक बहुतांशी वितळतो, बाष्परूप होतो वा विखुरतो, आणि विवर एखाद्या स्फोटाप्रमाणे उघडते.

हा भेद दृष्टीआड झाल्याची किंमत इतिहासात नमूद आहे. चंद्रावरील विवरे आघातजन्य आहेत असे १८९३ मध्ये प्रतिपादणारे गिल्बर्ट ह्यांनी ॲरिझोनात पुरलेल्या लोहपिंडाचा चुंबकीय शोध घेतला. तो न मिळाल्याने १८९६ मध्ये त्यांनी ते विवर बाष्पस्फोटाचे ठरविले. उलट बॅरिंजर ह्यांनी आघाताचा पक्ष घेतला आणि १९०३ पासून सुमारे पाव शतक त्याच पिंडासाठी उत्खनन चालविले. निष्कर्ष परस्परविरोधी, परंतु गृहीतक एकच : गोटी तळाशी असलीच पाहिजे.

शब्दही येथे साहाय्य करीत नाही. ‘क्रेटर’ म्हणजे मूळ ग्रीकात पेय मिसळण्याचे भांडे. मराठीतील ‘विवर’ म्हणजे पोकळी. दोन्ही शब्द आकार सांगतात, कारण सांगत नाहीत. म्हणूनच ज्वालामुखीच्या मुखाला व उल्काघाताच्या खळग्याला एकच नाव पुरते. कारणाचा निर्णय शब्दाने वा आकाराने होत नाही, द्रव्याने होतो. बेसाल्टमधील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर आघातजन्य असल्याचे १९७३ मध्ये प्रस्थापित झाले, ते आघातदाबाने काचरूप झालेल्या मॅस्केलिनाइटसारख्या पुराव्यावरून. तळाशी उल्का सापडल्यामुळे नव्हे.

तेव्हा प्रयोग त्याज्य नाही, अपुरा आहे. परातीतून गोटी उचलताना अध्यापकाने ‘लोणारची गोटी कोठे गेली?’ एवढे विचारले, तरी दृष्टान्ताकडून सिद्धान्ताकडे जाण्याची वाट मोकळी होते.