साक्षीच्या साच्याबाहेर : ‘स्मृतिचित्रे’मधला दिलासा

मागच्या वेळी आपण रेव्हरंड टिळकांच्या अभंगांवर बोललो. शेवटी एका ताईंनी विचारलं, “सर, संकटात ख्रिस्ताचा आधार मिळाला असं सगळेच सांगतात. पण तो मिळतो कसा, हे कुणी लिहिलंय का?” तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आज नीट देतो. लिहिलंय, लक्ष्मीबाईंनी.

ख्रिस्ती समाजात ‘साक्ष देणं’ म्हणतात, तुम्हांला माहीत आहे. साक्षीचा एक ठरलेला साचा असतो : आधी अंधार, मग ख्रिस्त भेटतो, मग उजेड. साचा खोटा नाही. पण त्यात दुःख फक्त पायरीपुरतं उरतं. पुढे गेलो की मागे वळून बघायचं नाही. १९३४ पासून भागाभागांनी आलेली ‘स्मृतिचित्रे’ या साच्यात बसत नाहीत, कारण तिथे ख्रिस्ती धर्म येतो तोच मुळी संकट म्हणून.

१० फेब्रुवारी १८९५. मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आता बाईंच्या बाजूनं बघा. नवरा जिवंत, पण घरातून गेलेला. पदरी लहान मूल. पुढची सुमारे पाच वर्षं ताटातुटीची. ज्या श्रद्धेत पुढे आसरा मिळाला, तिनंच आधी घर मोडलं होतं! हे विसरून हे पुस्तक वाचता येत नाही.

मग बदल कुठे होतो? एखादा दिव्य प्रकाश वगैरे पडत नाही बरं का. बाईंचं बालपण वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाखाली गेलं. ते वर्णन वाचताना आपण हसतो, पण त्या घरातल्या माणसांचे हाल काय झाले असतील! अशा घरातली ही बाई एक दिवस स्वतःशीच विचार करते की देवानं माणूस घडवला, जात काही घडवली नाही. आणि मग ती कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होते. हे बाप्तिस्म्याच्या आधी. तिच्या श्रद्धेची पहिली खूण प्रार्थना नाही, पाणी आहे. माझ्या मते पुस्तकाचं मर्म इथे आहे. दिलासा बाहेरून येऊन पडला नाही. जे भय लहानपणापासून अंगात मुरलं होतं, ते आधी सुटलं. १९०० चा बाप्तिस्मा त्यानंतरचा.

आता टिळकांशी तुलना करू. त्यांचं मोठेपण वादातीत आहे. तुकोबांची वाट धरून ते ख्रिस्तापर्यंत गेले, त्याला ‘माउली’ म्हणाले, आणि मराठी चर्चमध्ये त्यांची पदं आजही गातात. पण अभंगाचा स्वभावच असा की शेवटच्या चरणात समेट होतो. गद्याला ती सोय नाही. गद्यात दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवावी लागते. टिळक हातातले पैसे कुणालाही देऊन मोकळे होतात आणि घर कसं चालवायचं हे बाईंनी बघायचं! बाई हे हसत सांगतात. श्रद्धेच्या माणसाला स्वतःच्या घरावर हसता आलं, की तो स्वतःला फसवत नाही एवढी खात्री पटते. नगरच्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बाई याच.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण याला जोडून बघा. १८७४ मध्ये दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही त्या चर्चच्या अधिकाराशी भांडत राहिल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर सापडला, असं त्यांनीच पुढे सांगितलं. आणि १८९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या. आपल्या वाट्याची भूक त्या विसरल्या नव्हत्या.

एक तक्रार मात्र नोंदवतो. ‘स्मृतिचित्रे’ टिळकांच्या मृत्यूनंतर लिहिली गेली, आणि तीही मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून. त्यामुळे त्या पाच वर्षांचा जाब बाई टिळकांना पुरता विचारत नाहीत. जिथे रागवायला हवं, तिथे विनोद करून पुढे सरकतात. प्रेम म्हणा, सवय म्हणा. वाचक म्हणून मला ती जागा टोचते, आणि टोचायलाच हवी.

तर ताई, उत्तर असं. कोकणात घर दरवर्षी पावसाआधी शाकारावं लागतं. एकदा बांधलं म्हणून भागत नाही. श्रद्धेचा आसराही तसाच, असं हे पुस्तक मला सांगतं. दुःखात असलेल्या माणसाला ‘देवावर भार टाक’ म्हणणं सोपं आहे. त्याच्या घरी चार दिवस पाणी भरलं, तर त्या वाक्याला वजन येतं.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.