टेसिफोनच्या जखमींविषयीं दोन साक्षी

मेसापोटेमिया कमिशनचा इ. स. १९१७ चा अहवाल इंग्रज अधिकाऱ्यांचे परस्पर दोषारोप म्हणून बाजूस ठेवण्याजोगा नाहीं. नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफोन येथें लढलेल्या सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. तेव्हां महाराष्ट्राच्या इतिहासाचेंही हें साधन होय.

येथील जखमींविषयीं दोन परस्परविरुद्ध साक्षी उपलब्ध आहेत. सरकारी तारेंत त्यांची व्यवस्था समाधानकारक झाल्याचें कळविलें होतें. उलट, इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनीं बसऱ्यास 'मेजिदिये' ही आगबोट येतांना पाहिली. डेकवर जखमी दाटीनें पडलेले, अंथरुणाची वाण, बोटीच्या बाजूंवर वाळून लोंबणारा मळ आणि मद्याच्या पेट्यांच्या फळ्यांनीं बांधलेलीं मोडकीं हाडें, असें त्यांचें वर्णन आहे. ही तक्रार केल्याबद्दल कार्टर यांस वरिष्ठांकडून तंबीच मिळाली. स्वहिताविरुद्ध दिलेल्या अशा साक्षीचें प्रामाण्य अधिक मानणें प्राप्त आहे; कमिशनानेंही तिच्यावर विश्वास ठेवला.

अहवालाची उणीव अन्यत्र आहे. तो या प्रकाराकडे मुख्यतः साधनांची टंचाई व अधिकाऱ्यांची जबाबदारी या दृष्टीनें पाहतो. जखमेनंतर नाडी क्षीण होऊन अंग गार पडतें, त्या अवस्थेस डॉक्टर 'शॉक' म्हणतात. १९१७ पासून बेलिस, कॅनन प्रभृतींनीं तिचें पद्धतशीर संशोधन केलें. थंडी, रक्तस्राव व मोडलेल्या अवयवास बसणारे हिसके यांनीं ती बळावते, हें त्या काळीं स्पष्ट होत गेलें. या दृष्टीनें वाचतां, बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीपर्यंत नेलेल्या जखमींच्या यातना हें मृत्यूचेंही एक कारण ठरतें.

तथापि येथें कालविपर्यास टाळला पाहिजे. रक्त साठवून तें आघाडीजवळ देण्याची सोय १९१५ मध्यें नव्हती. तिच्या अभावाबद्दल कोणास दोष देतां येणार नाहीं. परंतु ऊब, विश्रांति आणि हलविण्यापूर्वीं हाड नीट बांधणें हीं जुनींच पथ्यें होतीं. आपल्या हाडवैद्यांसही तीं ठाऊक होतीं. दोष द्यावयाचा तो येथें.

अहवालांतील साक्षीदार मुख्यतः अधिकारी आहेत. त्या युद्धांत येथून जवळच देवळालीस लष्करी रुग्णालयें होतीं. या टापूंतील घराण्यांच्या पेट्यांतून शिपायांचीं पत्रें वा सेवामुक्तीचे दाखले असल्यास संग्राहकांनीं ते जतन करून त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या. तिसरी साक्ष त्यांतूनच मिळूं शकेल.