खोतांचा वाडा आणि कुळाचे अंगण

फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर शिकवताना दर वर्षी मी फळ्यावर एक शब्द लिहितो : विशेषाधिकार. १७८९ पूर्वी तिथले उमराव ‘ताय’ हा मुख्य कर भरीत नसत. रस्त्यांवरची वेठ शेतकऱ्याच्या माथी होती. दळण उमरावाच्याच गिरणीत न्यायचे, पाव त्याच्याच भट्टीत भाजायचा आणि वर त्याचा मोबदला मोजायचा. त्याची कबुतरे शेतातले दाणे टिपत आणि शिकारीचा हक्क त्याचाच असे. मुले हे सारे निमूटपणे उतरवून घेतात. रत्नागिरीच्या मुलांना हे परक्या मुलखातले वाटावे, याचे मला नवल वाटते. त्यांच्यातल्या अनेकांचे पणजोबा खोतांची कुळे होते.

हे पुन्हा मनात आले ते श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ दुसऱ्यांदा वाचताना. १९८७ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेली ही कादंबरी जगबुडीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची कथा सांगते. पेंडसे मोठे लेखक, याविषयी वाद नाही. खोतांचे दोषही ते झाकीत नाहीत. घराण्याचा ताठा, त्याची घसरण, माणसामाणसांतले ताणतणाव ते ताकदीने उभे करतात. माझी तक्रार वेगळी आहे. वाडा ज्याच्या जिवावर उभा राहिला, त्या कुळाच्या घरातून ही कथा सांगितली जात नाही. वाड्याचे वैभव गेले याची हळहळ वाचकाला वाटते. ते आले कुठून, हे विचारायला तो थांबत नाही.

आपण थांबले पाहिजे. खोत हा सरकार आणि कुळ यांच्यामधला माणूस. तो सरकारात सारा भरी, म्हणून फ्रेंच उमरावासारखा करमुक्त नव्हता. पण सरकारला द्यायचा सारा आणि कुळाकडून घ्यायचा खंड यांतले अंतर हा त्याचा ‘खोती फायदा’. १८८० च्या खोती कायद्याने ही व्यवस्था इंग्रजी अमलात पक्की केली. शिवाय आठवेठ होती : दर आठ दिवसांतला एक दिवस खोताकडे फुकट राबायचे. माझी आजी तिच्या आईबापांविषयी सांगे, “भाकरी घरची, काम खोताचं.” आमच्या लोकांवर तर दुहेरी भार, एकीकडे महारवतनाची राबणूक, दुसरीकडे खोताची वेठ. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवायची आणि त्यातलाही वाटा वाड्यावर पोचवायचा.

कोणी म्हणेल, लेखकाने जे घर जवळून पाहिले तेच लिहावे. मान्य. म्हणून माझा आक्षेप लेखकापेक्षा समीक्षेवर अधिक आहे. पेंडशांच्या लेखनाला ‘प्रादेशिक’ म्हणून गौरवताना प्रदेश कोणाचा, हे आपल्या पांढरपेशा समीक्षेने विचारले नाही. खाडी, माड, पोफळी म्हणजे कोकण, आणि वरकस जमिनीवर वाकलेली पाठ म्हणजे केवळ पार्श्वभूमी, असा हा हिशेब आहे.

त्या पाठी ताठ झाल्याचाही इतिहास आहे. १९२९ साली चिपळूणच्या शेतकरी परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर खोतीविरुद्ध बोलले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा विधिमंडळावर गेला. त्यात महार आणि कुणबी एकत्र चालले, ही गोष्ट मला कायद्याइतकीच मोठी वाटते. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, देश स्वतंत्र झाल्यावर.

गेली तीही भरपाई देऊन. बाबासाहेबांच्या विधेयकातही वाजवी भरपाईची तरतूद होती. एवढी माणुसकी आम्ही दाखवली. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री विशेषाधिकार रद्द झाले, तरी अनेक देण्यांबद्दल शेतकऱ्याने मोबदला द्यावा असेच ठरले. तो बोजा १७९३ मध्ये पुरता उतरला. वेठीत गेलेल्या दिवसांची भरपाई मात्र तिथे नाही आणि इथेही नाही.

तरी फ्रेंच शेतकऱ्याला एक गोष्ट मिळाली. १७८९ च्या आरंभी गावोगावच्या तक्रारी वह्यांत लिहून घेतल्या गेल्या आणि त्या आज इतिहासकारांपुढे आहेत. आमची वही कुठे आहे? खोताच्या दप्तरात कुळाचे नाव खंडाच्या आकड्यापुढे येते, तेवढेच.

यंदा मी वर्गात सांगितले : घरी जा, आजी-पणजीला विचारा आणि लिहून आणा. चौघांनी आणले. एका कुणबी मुलीने दोन पाने लिहिली, शुद्धलेखनाच्या चुकांसह. ‘तुंबाडचे खोत’च्या दोन जाड खंडांशेजारी ती दोन पाने मी कपाटात ठेवली आहेत. आपल्या समीक्षेने यापुढे दोन्ही वाचावीत.