प्रल्हाद शिंदे : एका आवाजाचे मोल

मराठी सुगम संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांना प्रल्हाद शिंदे हे नाव सहसा आठवत नाही, आणि आंबेडकरी शाहिरीचा इतिहास लिहिणाऱ्या आपल्या लोकांना ते आठवले तरी अवघडल्यासारखे होते. पहिल्यांचे मौन समजू शकते. त्यांचे संगीत आकाशवाणी, ध्वनिमुद्रिका आणि मध्यमवर्गीय दिवाणखाना यांच्या आधाराने वाढले. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' प्रसारित झाले आणि चांगला मराठी आवाज म्हणजे कोणता याचे माप जणू कायमचे ठरून गेले : मऊ, संयत, उच्चाराने शुद्ध. या मापात न बसणारा आवाज 'लोकसंगीत' नावाच्या रकान्यात टाकला की काम भागते. त्यांच्याशी भांडण्यात मला आता रस उरलेला नाही. मला बोलायचे आहे ते दुसऱ्या मौनाविषयी, म्हणजे आपल्या मौनाविषयी.

१५ मे २००४ रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदे गेले. अवघ्या सहा आठवड्यांच्या आत दोघे. वामनदादांच्या गीतांवर नंतर ग्रंथ आले, प्रबंध झाले, त्यांच्या नावाने संमेलने भरली. हे योग्यच झाले. प्रल्हाद शिंदे यांच्या वाट्याला मात्र गौरवाचे चार शब्द आले आणि त्या चार शब्दांच्या शेवटी एक 'पण' आला. हा 'पण' कोणता, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. भीमगीते गाणारा हा गायक विठोबाची गाणी गायला, गणपतीची गायला, सत्यनारायणाच्या कथेचेही गायला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या त्यांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा स्पष्ट शब्दांत आहे. तेव्हा आक्षेप खोटा नाही. अंबरनाथच्या एका जयंतीच्या बैठकीत एका जुन्या कार्यकर्त्याने तो माझ्यासमोर असा मांडला : "सर, ज्याला आपण घरातून बाहेर काढला, त्याला ह्या माणसाने कॅसेटमधून परत आणला." मी त्यांना त्या वेळी उत्तर दिले नाही, कारण त्यांच्या बोलण्यातला अर्धा भाग मला मान्य होता.

पण उरलेल्या अर्ध्या भागाचे काय? प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३चा. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर पूर्वास्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे चौदाएक वर्षांचा होईपर्यंत या मुलाची हद्द चोखोबाच्या समाधीपाशी संपत होती. आज आषाढीच्या आधी पंधरा दिवस महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर, एस. टी. स्टँडवर, दिंडीच्या ट्रकवर जे गाणे वाजते ते 'पाऊले चालती पंढरीची वाट', दत्ता पाटलांचे शब्द, मधुकर पाठकांची चाल आणि आवाज याच माणसाचा. ज्यांनी त्याच्या बापजाद्यांना महाद्वाराच्या आत येऊ दिले नाही त्यांनाही वारीत चालताना त्याच्याच गळ्याची सोबत लागते. ही घटना भक्तीच्या खात्यावर टाकून मोकळे होता येणार नाही.

आपली समीक्षा शब्दांवर पोसलेली आहे. गीत म्हटले की आपण त्याचा आशय काढतो, त्यात वेदना किती, नकार किती, विद्रोह किती याचा हिशेब मांडतो. कवीसाठी हे ठीक आहे. गायकाचे काय? तो फक्त गळा, शब्द पोचवणारा हमाल, असे आपण मानून चाललो. या हिशेबात 'भीमाचे गाणे गायला' हे जमेला आणि 'देवाचे गायला' हे खर्चाला जाते, आणि तो गायला कसा हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की प्रल्हाद शिंदे यांचे खरे लेखन त्यांच्या आवाजात आहे, आणि ते भीमगीतांत जे आहे तेच भक्तिगीतांतही आहे.

तो आवाज नीट ऐका. वरच्या पट्टीत, मोकळ्या घशाने, लाऊडस्पीकर नसला तरी मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा बेताने लावलेला. ही कव्वालीच्या बैठकीची तालीम आहे. समोरच्या पार्टीला उत्तर द्यायचे, ढोलकी-तबल्याच्या वर राहायचे आणि पहाटेपर्यंत टिकायचे, तर आवाज जपून चालत नाही. शब्दाच्या शेवटी ते स्वर हळुवार सोडत नाहीत. डोक्यावरचे ओझे खाली ठेवावे तसा तो ठेवतात, आणि पुढची ओळ उचलायला पुन्हा छातीत दम भरतात. हा दम भरण्याचा आवाज भावगीताचा गायक लपवतो. यांच्या गाण्यात तो लपलेला नाही. 'पाऊले चालती' या गाण्याची लय चालणाऱ्या माणसाची आहे असे सगळेच म्हणतात; मला ती दिवसभर काम करून मग चालणाऱ्या माणसाची वाटते. 'आता तरी देवा मला पावशील का' हे तर नावाला प्रार्थना. शब्द विनवणीचे आहेत, पण आवाजात मालकाच्या दारात थकलेली मजुरी मागायला उभ्या राहिलेल्याची चीड आहे. कागदावर ही चीड शोधली तर सापडत नाही.

हे गाणे आमच्या भागात कसे पोचले तेही पाहिले पाहिजे. उल्हासनगर म्हणजे लष्कराच्या रिकाम्या छावणीत सिंधी निर्वासितांसाठी वसवलेले आणि १९४९ साली हे नाव मिळालेले गाव. पाचही कॅम्पांच्या कडेने, नाल्यांच्या काठी, कारखान्यांच्या मागे आपले लोक वसले. पुढे अंबरनाथच्या आणि बदलापूरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागले. उल्हासनगरचा बाजार कशाचीही नक्कल करण्यात पटाईत. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि बड्या ध्वनिमुद्रिका कंपनीची मक्तेदारी मोडली तेव्हा या विनोदाचा खरा फायदा झाला तो गरिबाला. ज्याच्या घरी ग्रामोफोन कधी आला नसता त्याच्या घरी टेप आला. दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटीचे गाळे लागले. माझे वडील अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्यात पाळीवर जात. अक्षरओळख बेताची, पण कॅसेटच्या कव्हरावरचा चेहरा पाहून ते कॅसेट ओळखत. आमच्या घरात देव नव्हता, देवाचे गाणे मात्र होते. आई भाकऱ्या थापताना ते गुणगुणे आणि वडील आले की भीमगीतावर येई. वडिलांना हे माहीत होते, आणि ते कधी बोलले नाहीत.

अमेरिकेतल्या कंट्री संगीताची एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. तिकडे या संगीताची पेठ नॅशव्हिल. गाणे कोणते, वाजवणारे कोण, चाल किती गुळगुळीत, हे तिथल्या कंपन्या ठरवीत. १९७०च्या दशकात वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन अशा काही गायकांनी ही शिस्त झुगारली. आमचे वादक आम्ही आणू, आमच्या खरखरीत आवाजाला पॉलिश करू नका, असे त्यांचे म्हणणे. त्यांना 'आउटलॉ', म्हणजे कायद्याबाहेरचे, असे नाव पडले आणि १९७६ साली याच नावाने निघालेली त्यांची तबकडी दहा लाखांवर खपली. पेठेने बंडही विकून दाखवले. तिकडचे समीक्षक आजही त्या पिढीतल्या मागे पडलेल्या गायकांच्या एकेका तबकडीवर पानेच्या पाने लिहितात. मला हेवा वाटतो तो या पानांचा. कारण बंडाच्या बाबतीत तुलना इथेच थांबते. जेनिंग्जला नाकारायला आधी एक घर होते. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घरोघर गेला तो भक्तिगीताच्या दाराने, आणि ते दार नाकारणे म्हणजे उपाशी राहणे होते. कायद्याबाहेरचा हा शिक्का आपल्याकडे गाणे सुरू करण्याआधीच जन्माने बसलेला असतो.

म्हणून बावीस प्रतिज्ञांच्या आक्षेपाला माझे उत्तर 'पोटासाठी गायले, सोडून द्या' असे नाही. ते उत्तर दयेचे आहे आणि कलावंताला दया नको असते. गणेशोत्सवात ज्या गाण्यावाचून मंडळाचे पान हलत नाही ते 'तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता' लिहिले हरेंद्र जाधव यांनी. हेच हरेंद्र जाधव (मृत्यू २०२२) आयुष्यभर भीमगीते लिहीत होते. म्हणजे महाराष्ट्राच्या गणपतीची लाडकी विनवणी आंबेडकरी कवीने लिहिली आणि आंबेडकरी गायकाने गायली. हलगी, सनई, संबळ देवळाच्या दारात वाजवण्याचे काम गावाने आपल्याकडून बलुत्यात करून घेतले आणि वाजवणाऱ्याला पायरीखाली ठेवले. या दोघांनी तेच काम कारागीर म्हणून केले, आपले नाव घालून केले, आणि त्याच हाताने, त्याच गळ्याने जयंतीही उभी केली. श्रद्धा विकली असे म्हणायला ती आधी असावी लागते. सुतार देव्हारा करतो तेव्हा आपण त्याची श्रद्धा तपासत नाही. रंधा कसा मारला ते पाहतो.

तरीही त्या अंबरनाथच्या कार्यकर्त्याचे म्हणणे उरतेच. कारागिराने काय ठरवले होते याच्याशी ऐकणाऱ्याला कर्तव्य नसते. या आवाजाच्या गोडीने कितीतरी घरांत काढून टाकलेला देव निदान कानापुरता राहिला, हे मी माझ्याच घरावरून नाकारू शकत नाही. या परिणामाची चर्चा व्हावी, कठोर व्हावी. ती आवाज ऐकून व्हावी, यादी पाहून नव्हे, एवढेच माझे मागणे आहे.

आणि सगळेच डोक्यावर घ्यावे असेही नाही. कॅसेटच्या धंद्याला दर हंगामाला नवा माल लागे. त्या घाईत हिंदी सिनेमाच्या चालींवर शब्द बसवलेली, कोरस कसाबसा उरकलेला, बाईमाणसावर स्वस्त विनोद करणारी गाणी या बाजारात भरपूर निघाली, आणि शिंदे घराण्याचे नाव त्यातून सुटलेले नाही. पुढच्या पिढीतल्या आनंद शिंदे यांच्या 'नवीन पोपट हा' या गाण्याने सुशिक्षितांना नाके मुरडायला आयते कारण दिले. पण त्यांचा आवाज त्याच घडणीचा आहे, आणि वडिलांना जे ऐकून घ्यावे लागले नाही ते मुलाला ऐकावे लागले : वडिलांच्या तोंडी देव होता. तिसऱ्या पिढीतल्या आदर्श शिंदे यांचे 'दुनियादारी' (२०१३) मधले गाणे पुन्हा देवाच्या गाभाऱ्यातलेच, आणि तेव्हा मात्र वर्तमानपत्रांना हा आवाज दमदार वाटला. आजोबांनी पन्नास वर्षे तोच लावला होता.

कर्जतकडून येणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये बदलापूरला भजनी मंडळी चढतात. टाळ असतात, ढोलकी नसली तर पत्र्यावर ठेका धरतात. त्यांच्यात सगळ्या जातींचे लोक आहेत, बहुसंख्य आपले नव्हेत. 'पाऊले चालती' सुरू झाले की सगळे एका विशिष्ट जागी आवाज उचलतात आणि ओळीच्या शेवटी खाली ठेवतात, बरोब्बर मूळ गायकासारखे. मी एकदा विचारले, गाणे कोणाचे? एक गृहस्थ म्हणाले, "अहो, हे तुकोबांचं." मी दुरुस्ती केली. त्यांना वाईट वाटले नाही, विशेष काही वाटलेच नाही. लोकपरंपरा म्हणजे कर्त्याचे नाव पुसणे, असा जो गोड समज आपल्याकडे आहे, त्यात नेमकी कोणाची नावे पुसली जातात हे यातून कळते.

तेव्हा काम साधे आहे. कॅसेटची फीत दमट हवेत चिकटते, बुरशी धरते, आणि आमच्या भागात पावसाळा चार महिन्यांचा. इंटरनेटवर जे चढले आहे त्यावर गायकाचा फोटो असतो, गीतकाराचे नाव कधी असते कधी नसते, ढोलकीवाल्याचे कधीच नसते. गेल्या वर्षापासून मी वर्गातल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या विद्यार्थ्यांना घरातल्या जुन्या कॅसेटी कव्हरासह आणायला सांगतो. कव्हरावरचे प्रत्येक नाव आम्ही वहीत उतरवतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती कॅसेट कुठून घेतली, केव्हा लावत, हे विचारून घेतो. एका मुलीने आणलेली कॅसेट विकतची नव्हती, कोऱ्या फितीवर भरून घेतलेली होती. एका बाजूला भीमगीते, दुसऱ्या बाजूला विठ्ठलाची गाणी, दोन्हीकडे प्रल्हाद शिंदे. वर तिच्या आजोबांनी निळ्या पेनाने फक्त 'शिंदे' असे लिहून ठेवले होते, आणि खाली कॅसेट उसनी नेणाऱ्याचे नाव.