बाहेर पडायचं बटण

कॉम्प्युटर गेममध्ये अडकलेल्या मुलांच्या विज्ञानकथा आता इतक्या झाल्या आहेत, की पहिल्या दहा पानांतच सगळं ओळखीचं वाटू लागतं. डोक्यावर हेल्मेट चढतं, डोळे दिपतात, पुढे राक्षस आणि लेव्हल. मी तरी अशा पुस्तकात दोनच गोष्टी शोधतो: मुलांना कोंडलं कुणी आणि सुटकेची किंमत मोजली कुणी. इथे लेखकानं हात राखला, की उरतं ते दुसऱ्याच्या खांद्यावरून त्याचा खेळ बघत बसणं.

रेकी कावाहाराच्या ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ची सुरुवात सगळ्यात धारदार. 10,000 खेळाडू, लॉग-आउटचं बटण गायब, आणि खेळात मेला तो खरोखर मेला. 2009 पासून पुस्तकरूपानं आलेल्या या जपानी मालिकेत नियम चोख आहे. पण नायक इतका बलवान होत जातो की त्याच्याबद्दल भीती वाटेनाशी होते. विव्हियन वँड वेल्ड या अमेरिकी लेखिकेची ‘एअर अपॅरंट’ (2002) जास्त खट्याळ. तिथली मुलगी पुन्हापुन्हा मरते आणि दरवेळी पहिल्यापासून सुरू करते. यंत्र बिघडवलेलं असतं मुलांना असल्या खेळांपासून वाचवायला निघालेल्या निदर्शकांनीच! ‘रेडी प्लेअर वन’ (2011) गाजली खरी, पण मला ती लेखकाच्या 1980च्या दशकातल्या आवडीनिवडींची लांबलचक यादी वाटली.

वजन आहे ते कॉनर कॉस्टिकच्या ‘एपिक’मध्ये (2004). हा आयर्लंडमधला लेखक मध्ययुगाचा इतिहासकारही आहे, आणि ते जाणवतं. त्याच्या जगात हिंसेला बंदी आहे. भांडणांचा निवाडा, शेतीची साधनं कुणाला मिळणार, सगळं खेळातल्या बळावर ठरतं. त्यामुळे शेतकऱ्यांची पोरं खेळतात म्हणण्यापेक्षा राबतात. दार कुणी लावलेलं नाही, तरी अख्खा समाज आत. मोनिका ह्यूजच्या ‘इन्व्हिटेशन टु द गेम’मध्ये (1990) शिकून बेकार झालेल्या मुलांना खेळाचं बोलावणं येतं. कशासाठी, ते सांगून वाचणाऱ्याची मजा घालवत नाही.

मराठीत हा प्रकार रुजलेला नाही. यंत्राची धास्ती आपल्या विज्ञानकथेला नवी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये बुद्धिमान यंत्रमानव आहे, ‘व्हायरस’मध्ये संगणकांवरचं संकट. पण तिथे झुंजतात ते मोठे शास्त्रज्ञ. चौदा वर्षांचा वाचक बाजूला बसून ऐकतो. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून नारळीकर कथेकडे आले. त्या परंपरेनं विज्ञान समजावण्याची शिस्त दिली, खोडकरपणा मात्र दिला नाही. तो भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेत होता, पण त्याच्या हातात सायकल होती.

आजच्या मुलांची गोष्ट कशी राहून जाते, त्यासाठी गोंदिया जिल्ह्याचंच बघा. इथल्या जंगलाला पुस्तकं मिळाली: व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’, मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’. धानाच्या बांधीवर मोबाइल घेऊन बसलेल्या पोराला अजून मिळायचं आहे. आणि कोंडलेल्या मुलांची गोष्ट तर याच जिल्ह्यातली. सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. कली कंकालीची खोडकर मुलं शंभूनं या गुहेत कोंडली, असं कोया पुनेम या गोंडी धर्माची परंपरा सांगते. धर्मगुरू पारी कुपार लिंगोच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीरनं वाद्य छेडलं, तोंडावरची शिळा हलली, मुलं सुटली. वाजवणारा मात्र शिळेखाली गेला. कुणी कोंडलं, का कोंडलं, कुणी जीव दिला, सगळं चोख. कावाहाराच्या पुढच्या खंडांना हे जमलेलं नाही.

आजच्या कथेचं बीजही आयात करावं लागू नये. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारनं पबजी या मोबाइल खेळावर बंदी घातली, 30 ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर हा खेळही बंदीत गेला. पोरांनी मिळवलेली रँक, पैसे घालून घेतलेल्या स्किन, जमवलेली टोळी एका आदेशानं नाहीशी. सर्व्हर बंद झाले त्या रात्री कुणी आत असतं तर? इथे वेडा शास्त्रज्ञ लागत नाही, दुष्ट कंपनीही नाही. दिल्लीतला एक कागद पुरतो. बाहेरच्यांना मुलं खेळाच्या नादातून सुटली याचा आनंद, आणि आतल्यांच्या पायाखालचा नकाशा एकेक चौकोनानं पुसला जातोय. ‘एपिक’च्या तोडीचा पेच यात आहे. फक्त शेवटी ‘मोबाइल वाईट’ असं भाषण ठोकायचा मोह लेखकाला आवरावा लागेल, आणि ‘जाग आली, ते स्वप्न होतं’ ही पळवाटही बुजवावी लागेल.

बोलीचं पथ्य वेगळंच. गोंदियातली कितीतरी पोरं घरात पोवारी नाहीतर झाडीबोली, शाळेत मराठी आणि खेळताना हिंदी बोलतात. ‘कृपया मला येथून बाहेर काढा’ असं ओरडणारा आमगावचा पोरगा पहिल्याच पानावर खोटा पडेल.